दुभाष्याला सुट्टी

चारचौघांत आपल्या बोलीत कुजबुजू नये, आणि तोंडातून निघालंच तर समोरच्याला अर्थ सांगावा, हा शिष्टाचार मी कुडाळच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर पाळला. नागपूरला निघताना तो सुलभाला पुन्हा समजावला. "तिथे मालवणीत बोललीस तर मी लगेच भाषांतर करणार." कोकमं बांधता बांधता बायको म्हणाली, "करा. तुमका दुसरा काम काय आसा?"

काम नाजूक होतं. आमच्या नेहाने पुण्यात नागपूरचा अमोल पसंत केला होता. मलाही तो आवडला होता, पण माझ्या आवडीला घरात विचारतो कोण? होकार सुलभाचा हवा होता, पण लग्नानंतर दोघं नागपूरलाच राहणार होती, आणि ती "लांब" या एका शब्दापुढे जात नव्हती. मुलांना रजा मिळेना, म्हणून अमोलच्या आईवडिलांना भेटायला आम्ही दोघंच निघालो.

नागपूरच्या स्टेशनबाहेर थंडीने दात वाजत होते आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी होते. रिक्षावाल्यासमोर मी माझं ठेवणीतलं हिंदी काढलं. तोही हिंदीत उत्तरं देत राहिला. मग एक सायकलवाला आडवा आला आणि याने त्याला अस्सल मराठीत झाडलं.

"अहो, मग माझ्याशी हिंदी का?"

"तुमीच हिंदीत बोलून राहिले नं भाऊ! मले वाटलं, तुमाले मराठी येत नसन."

सुलभा घरापर्यंत हसत होती. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसलो.

अमोलच्या घरी स्वागत मोठं झालं. वडील मितभाषी, आई भरभरून बोलणारी. जेवायला पाटोडी रस्सा होता (बेसनाच्या वड्या, आणि त्यावर लालभडक तर्री, म्हणजे तेलाचा तवंग). पहिल्याच घासाला माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

सुलभा हळूच म्हणाली, "माझी जीभ भाजली. आता पुरे म्हणान सांगा."

"काय म्हणून राहिल्या ताई?" अमोलच्या आईने विचारलं.

शिष्टाचार आठवला. सोयरिकही आठवली. "म्हणते, असा रस्सा आमच्याकडे मिळत नाही."

अमोलची आई खुलली आणि सुलभाच्या वाटीत आणखी एक पळी तर्री आली. "घ्या नं ताई, लाजता काहून?"

"ह्या काय केलात तुमी!" सुलभा पुटपुटली.

"म्हणते, वड्याही फार मऊ झाल्यात."

आणखी दोन वड्या आल्या. सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं की मला पाणीही तिखट लागलं.

मग तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, मिरची. पण ती ताटाकडे बघत म्हणाली, "माजां चेडू येवढ्या लांब जातलां. आजारी पडलां तर मी कधी पोचतलंय?"

सगळे थांबले. अमोलची आई माझ्याकडे बघत होती. हे कसं सांगू? तुमचं घर आम्हाला लांब पडतं, असं त्यांच्याच पंगतीत बसून? माझी पाचावर धारण बसली.

"तिखट लागलं तिला," मी म्हणालो.

अमोलची आई उठली आणि सुलभाजवळ येऊन बसली. "भाऊ, तुमी राहू द्या आता. माह्या पोरीले इंदूरले देल्ली, तवा मी बी अशीच रडली. लोकायले सांगे, कांदा चिरून राहिली म्हणून." तिने सुलभाचा हात धरला. "रडू नको वं माय. तुही पोरगी आजारी पडली, तर तू पोचेपर्यंत मी तिच्या उशाशी बसतो."

सुलभाने मालवणीत काहीतरी विचारलं, तिने वऱ्हाडीत काहीतरी सांगितलं, आणि दोघी एकमेकींच्या पदराने डोळे पुसू लागल्या. अमोलच्या वडिलांनी दह्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. तेवढं एक भाषांतर मला सहज जमलं.

परतीच्या गाडीत काटोलच्या संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी विचार करत होतो. न कळणारी बोली बोलून त्या घरात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. फसवलं ते मी, कळणाऱ्या मराठीत. माझी मलाच लाज वाटली.

इतक्यात सुलभाचा फोन वाजला. पलीकडून वऱ्हाडी, अलीकडून मालवणी, आणि मध्ये हसणं. नेहाच्या लग्नाचं काय ठरलं, ते मला फोनमधूनच कळलं, कारण सुलभा म्हणत होती, "व्हय गो विहीणबाय!"

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तुमका कित्याक?" ती म्हणाली, आणि माझ्या हातात एक संत्रं ठेवलं.