पडद्यावर पट्टा रिकामा होता

अड्याळमध्ये प्रतिक्षाला कोणी विचारलं, "तू काय काम करून राहिली वं पोरी?" तर तिला ते नीट सांगता यायचं नाही. "कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरवर दाखवते," असं ती म्हणायची. त्यावर समोरचा म्हणायचा, "थे तं मोबाइलही दाखवते." मग ती हसून विषय बदलायची.

तिचे वडील परसराम वरठीच्या कारखान्यात जाऊन-येऊन म्हातारे झाले. मुलीनं कॉम्प्युटर शिकावं हा त्यांचाच हट्ट. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि आई मालनबाईंना लकवा मारला तशी सामान बांधून घरी परतली. आईला भरवायचं, फिरवून आणायचं, आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी घरून प्रोग्राम लिहायचे, असा तिचा दिवस ठरून गेला होता.

त्याच कंपनीकडून तिला लाखांदूरकडच्या एका राइस मिलचं काम मिळालं. मिलचे मालक बाबूलालशेठ हौशी माणूस. तांदूळ पट्ट्यावरून वाहत जातो, त्यावर त्यांनी भारीतला कॅमेरा बसवला होता. त्यांना केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर दाणा न् दाणा दिसायला हवा होता. काळा दाणा, खडा, तुटक्या तांदळाची कनकी, सगळं. शिवाय पट्टा चालू-बंद करायचं बटणही त्याच पडद्यावर हवं होतं. "सब एकच जागी पाहिजे," ते म्हणाले. प्रतिक्षानं तसं करून दिलं. पहिल्याच दिवशी टीव्हीवर तांदूळ बोटाएवढा दिसला तेव्हा शेठनी पेढे मागवले होते.

तक्रारी सुरू झाल्या त्या नंतर. केबिनमध्ये बसणारा धर्मेंद्र फोन करायचा, "मॅडम, चित्र अटकून राहिलं." ती एसटी पकडून जायची. पाहावं तर चित्र एकदम झकास! कोपऱ्यात, एका सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा यायचा, तोही चांगला. ती कॅमेऱ्याखाली हात हलवायला सांगायची, पडद्यावर हात लगेच हलायचा. घरी तिच्या लॅपटॉपवरही सगळं ठीक. तिनं वायर बदलायला लावली. कॅमेरा पुसायला लावला. पुन्हा फोन आला, पुन्हा ती गेली, पुन्हा सगळं नीट. धर्मेंद्र ओशाळून म्हणायचा, "तुमी आल्या का चांगलं चालते. मले काही समजूनच नाही राहिलं." समजत तर तिलाही नव्हतं.

आणि मग एका दुपारी शकुनबाईंचा हात पट्ट्यात गेला.

शकुनबाई मिलमध्ये झाडलोट करायच्या. पट्टा थांबला की कॅमेऱ्याखाली साचलेला कोंडा काढायचं काम त्यांचं. केबिनमधून ती जागा थेट दिसत नाही, मधे मोठं यंत्र आहे. पट्टा थांबलेला होता, शकुनबाई वाकून कोंडा काढत होत्या, आणि धर्मेंद्रनं पडद्यावरचं बटण दाबलं. आजूबाजूच्या बायका ओरडल्या, कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. उजव्या हाताची दोन बोटं चिरडली, पण हात वाचला.

प्रतिक्षा दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा केबिनमध्ये शेठ बोलत होते आणि धर्मेंद्र खाली मान घालून उभा होता.

"मोबाइल पाहत असीन तू! बाई टीव्हीवर एवढी मोठी दिसते, तुले दिसली नाही?"

"शेठ, पट्टा रिकामा होता. आईची शपथ. मी पाहूनच बटन दाबलं."

शेठ तिच्याकडे वळले. "मॅडम, तुमीच सांगा. असं होऊ शकते का?"

प्रतिक्षानं टीव्हीकडे पाहिलं. कॅमेऱ्याखाली गेलेल्या एका माणसानं तिथून हाक दिली. त्याच क्षणी तो पडद्यावर आला. धर्मेंद्र खोटं बोलतोय असं तिला वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली. शेठनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो डबा उचलून निघून गेला.

ती परत जाणार होती, पण पाय निघेना. तिनं घरी फोन करून वडिलांना सांगितलं, आज आईचं जेवण तुम्ही बघा. मग ती केबिनमध्येच बसून राहिली. तासामागून तास तिच्यासमोरून तांदूळ वाहत होता. काय शोधायचं तेच माहीत नव्हतं, तेव्हा ती नुसतीच बघत होती. दुपार कलल्यावर, काहीतरी करायचं म्हणून, तिनं मोबाइलवर पळतं घड्याळ लावलं. तांदूळ पुढं सरल्यावर पट्टा थांबवून मोबाइल कॅमेऱ्याखाली नेऊन ठेवला, थोडा वेळ तिथं उभी राहिली आणि केबिनमध्ये परत येऊन खुर्चीत बसली.

पडद्यावर पट्टा रिकामा होता. ना मोबाइल, ना काही.

तिला वाटलं, मोबाइल खाली पडला. ती उठणार एवढ्यात पडद्यावर एक बाई आली. तिच्याच ओढणीच्या रंगाची ओढणी, हातात तिचाच मोबाइल. ती बाई वाकली, मोबाइल ठेवला, जरा उभी राहिली आणि निघून गेली. प्रतिक्षा खुर्चीचे हात घट्ट धरून स्वतःला जाताना बघत राहिली. क्षणभर तिला कळेचना की आपण इथं आहोत की तिथं.

कोपऱ्यातला आकडा अजूनही चांगलाच होता.

तिनं पलीकडच्या हमालाला बोलावून विचारलं, "दादा, मी येण्याआधी तुम्ही इथं काही करता का?"

"काही नाही वो मॅडम. तुमी येणार म्हनून धर्मेंद्रभाऊ कॉम्प्युटर बंद करून चालू करे. साफसूफ पाहिजे म्हने. आजबी शेठनं करायले लावला."

मग तिला उलगडायला लागलं. एकेक चित्र प्रचंड मोठं. मिलचा जुना कॉम्प्युटर ते पडद्यावर रंगवेपर्यंत कॅमेऱ्याकडून पुढचं येऊन थडकायचं. एकही चित्र वाया जाऊ नये म्हणून तिनंच प्रोग्राममध्ये रांग लावली होती, की आधी आलेलं आधी दाखवायचं. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की रांग नसायचीच. दिवसभरात ती थोडी थोडी लांबत जायची. पडदा थांबत नव्हता, चित्रं भराभर सरकत होती, म्हणून आकडा छान. फक्त ती मघाची होती. तिचा वेगवान लॅपटॉप कधी मागं पडतच नव्हता, आणि मिलमध्ये तिच्या मानासाठी दर वेळी नव्यानं सुरुवात होत होती.

म्हणजे धर्मेंद्रनं खरंच रिकामा पट्टा पाहिला होता.

घरी येऊन तिनं प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. रांग काढून टाकली. नवं चित्र आलं की जुनं, दाखवलेलं असो की नसो, फेकून द्यायचं. टीव्हीला पेलेल एवढंच चित्र आधी लहान करून घ्यायचं, रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवायचं, आणि कोणाला एखादा दाणा जवळून पाहायचा असेल तर तेवढाच तुकडा मोठा करायचा. पुढच्या फेरीत तिनं ते मिलमध्ये बसवलं आणि दिवस मावळेपर्यंत मोबाइलचं घड्याळ ठेवून तपासलं. चित्र मागं पडलं नाही. पट्ट्याचं बटण मात्र तिनं पडद्यावरून काढूनच टाकलं. शेठ कुरकुरले, पण पट्ट्यापाशीच चालू-बंद करायचा लोखंडी खटका बसवून घेतला.

धर्मेंद्रला तिनं स्वतः घरी जाऊन सांगितलं. तो अंगणात बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "मंग मी इतके दिवस काय पाहून राहिलो होतो?"

"खरंच पाहत होता दादा. फक्त आधीचं."

"आधीचं म्हनजे खरं का खोटं?"

चूक माझी होती, असं ती म्हणाली. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं की नाही हे तिला कळलं नाही. तिनं शेठनाही सगळं सांगितलं होतं; त्यांनी बोलावलं तसा तो कामावर परत आला. टीव्हीकडे मात्र तो फार बघत नाही. दर थोड्या वेळानं उठून यंत्राला वळसा घालतो आणि पट्टा डोळ्यांनी पाहून येतो.

शकुनबाई बोटांना पट्टी बांधून हजर झाल्या तेव्हा प्रतिक्षा केबिनमध्येच होती. तिनं त्यांना आत बसवलं, हात जोडले, आणि जमेल तशा सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

"म्हनजे आता कॉम्प्युटर फोटो फेकून देते?"

"हो मावशी. बरेचसे."

"त्या फेकल्या फोटोत मी असीन तं?"

"असाल," प्रतिक्षा म्हणाली. "पण लगेच पुढचा येतो. त्यातही तुम्ही असता."

शकुनबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. तिथं तांदूळ वाहत होता, एकेक दाणा बोटाएवढा. "बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हातात झाडू घेऊन बाहेर गेल्या.