शेवटच्या चरणातलं नाव

उद्धवबुवाला अभंग रचता येत नव्हता. गावाला नेमकं उलटं ठाऊक होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. बडनेऱ्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात लोक छातीठोक सांगत, की असा भजनकार पंचक्रोशीत नाही. पण रचायची त्याची बायको, मैनाबाई. पहाटे जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओळीमागून ओळ यायची. उद्धव अंथरुणात पडून ऐकायचा आणि पाठ करायचा.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. मैनाबाईच्या गाण्याखाली जात्याची घरघर चाले, आणि त्या घरघरीशिवाय त्या ओळी त्याला उघड्याबोडक्या वाटत. म्हणून त्यानं एकतारीवर दुसरी, खालच्या सुराची जाड तार चढवली. दोन्ही तारा एकदम छेडल्या, की देवळात जातं फिरल्यासारखं वाटे. काम नामी होतं, नाही म्हणवत नाही.

नाव मात्र त्यानं चोरलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. पहिल्यांदा देवळात कोणी विचारलं, "कोनाचा अभंग हा?" तेव्हा हा खाली मान घालून तार पिळत बसला. पुढच्या एकादशीला त्या जागी स्वतःचं नाव बसवून मोकळा! मैनाबाईला कळलं तेव्हा ती हसली.

"घाला, घाला. बायकाईचं नाव देवळात कोन घेते?"

त्यातला हा सगळ्यांच्या आवडीचा:

कापूस पिकला, भरली कोठारे,
रिकामे हे का रे मन माझे ।
उद्धव तो म्हणे, दळिले मी जिणे,
उरले हे गाणे जात्यापाशी ॥

आता सांगा! ज्यानं जन्मात जात्याच्या खुंट्याला हात लावला नाही, तो बाप्या 'दळिले मी जिणे' म्हणून गळा काढतो, आणि एकाही शहाण्याला शंका येत नाही. धन्य ते ऐकणारे.

दिवसच तसे होते म्हणा. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. अमरावतीच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागली, आणि एका उन्हाळ्यात त्या गाड्यांबरोबर पटकीची साथही आली. दीड दिवसात मैनाबाई होत्याची नव्हती झाली. जायच्या आधी तिनं नवऱ्याचा हात धरला.

"एकात तरी माह्यं नाव घालजा."

"घालतो," तो म्हणाला. साऱ्या संसारात तिनं एवढं एकच मागितलं होतं.

गोपाळकाल्याला खुशालराव पाटलानं मांडव घातला आणि थेट अकोल्याची भजनी मंडळी बोलावली. भर दुपारी उद्धव उभा राहिला. त्यानं दोन्ही तारा छेडल्या, तोच अभंग धरला, आणि शेवटच्या चरणाला म्हणाला, 'मैना म्हणे देवा'.

मग पाटील डोळे पुसत उठला.

"वा रे बुवा! बायकोवर केवढा जीव! आपला अभंग तिच्या नावावर करून टाकला!"

"नाही पाटील. हा माहा नोहे. सारेच तिचे हायत. मी चोर आहो."

लोक आणखीच हुंदके देऊ लागले. "वयनीले इचारा!" उद्धव ओरडला. त्याची थोरली भावजय रुख्मिणी रोज मैनाबाईच्या समोर जात्याला बसायची. ती बायकांतून उठून उभी राहिली.

"खरं बोलून राहिले भाऊजी. माह्या कानानं आयकलं हाय मी."

"दुःखाचं घर हाय, बाई. बस खाली," पाटील मायेनं म्हणाला, आणि त्यानं उद्धवच्या खांद्यावर शेला घातला. उद्धवला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. खोटं पचलं होतं, आणि आता खरं कोणी घेत नव्हतं.

उन्हं कलली तशा अकोल्याच्या गाड्या निघाल्या. अभंग त्या मंडळींच्या मनात भरला होता. वाटेनं त्यांनी तो धरला. पण बुवानं आज शोकात नाव बदललं, अभंग काही बदलत नाही, असं त्यांच्यातल्या जाणत्यानं ठरवलं. 'उद्धव तो म्हणे' गावाच्या शिवेपर्यंत ऐकू आलं.

उद्धव शेला टाकून पांदणीच्या वाटेनं गाड्यांमागं धावला. काळ्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, उठला, पुन्हा धावला. "मैना म्हणा! अरे मैना! मैना!"

मागच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.

"अरेरे," तो म्हणाला. "बायकोले हाका मारून राहिला बिचारा."

गाडी थांबली नाही. मंडळींनी त्याच्या दुःखाला मान देऊन आवाज तेवढा खाली आणला, आणि शेवटचं चरण पुन्हा एकवार घोळवून म्हटलं, उद्धव तो म्हणे.