नकाशातली निळी तळी

दुष्काळी वर्षांत आमची संस्था ड्रोनने गावोगावच्या पाण्याचे नकाशे करायची. शेततळी किती, नाल्यात पाणी कुठवर, हे पाहून नाला खोलीकरणाची यादी ठरायची. यादीत येण्यासाठी प्रत्येक गाव धडपडत होतं.

मूर्तिजापूरकडच्या एका गावावर मी ऑक्टोबरात ड्रोन फिरवला. अमरावतीला परतून फोटो स्क्रीनवर लावले, प्लास्टिक अंथरलेली निळी शेततळी मोजली आणि पाणी पुरेसं आहे, असं लिहून मोकळी झाले.

महिन्याभराने तिथल्या एका चाचांचा फोन आला. सर्वेक्षणाच्या दिवशी त्यांनीच मला बांधाबांधाने फिरवलं होतं. गाव कच्च्या यादीतून गळालं होतं.

"बाई, तुमच्या नकाशात माह्या वावरात तळं हाय म्हणे. मले काहून दिसून नाही राहिलं? एखाद दिवस पोहायले तरी घेऊन चाला."

फोन कानाला असतानाच मी फोटो मोठा केला. निळ्या चौकोनाच्या कडेला दगड ठेवलेले होते. ती सोयाबीनची गंजी होती, पावसाच्या भीतीने ताडपत्रीखाली झाकलेली. असे दगड माहेरी मी स्वतः ठेवलेत. वरून ओळखता आले नाहीत.

यादीवर दुसऱ्याच दिवशी सही व्हायची होती. सकाळीच स्कूटर काढली. मळणी कधीच उरकली होती, ताडपत्र्या घड्या होऊन घरी गेल्या होत्या. वारा सुटला होता. ड्रोन दोनदा खाली घ्यावा लागला. मी सारखी घड्याळ बघत होते. चाचा म्हणाले, "जमीन पळून नाही चालली." नाल्यात गुडघाभर वाळलेलं गवत होतं.

तिथून थेट अकोल्याचं जिल्हा ऑफिस गाठलं, यादीवर सही तिथेच व्हायची होती. नवे फोटो पाहून तिथल्या साहेबांनी 'तांत्रिक त्रुटी' लिहायला सुचवलं. तसं लिहिलं असतं तर कागद फेरतपासणीला गेला असता आणि तोवर यादी निघाली असती. मी लिहिलं, गंज्यांवरच्या ताडपत्र्या तळी समजून मोजल्या, चूक माझी. साहेबांनी दोनदा वाचलं, हसले. मी पोच मागितली. ती हातात पडेपर्यंत मी खुर्चीवर टेकले नाही.

यादीत गावाचं नाव आलं, अगदी शेवटी, पेनाने लिहिलेलं. चाचांना कळवलं.

"मशीन नाल्यात उतरू द्या," ते म्हणाले, "मंग बोलू."