'मूव्ह ऑन'ला काय जोडायचं

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला घेतलं की व्याकरण बाजूला राहतं आणि माणसांची घरंच कळत जातात. कोल्हापुरात राजारामपुरीत एका फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. संध्याकाळचा. इतक्या वर्षांत किस्से साठत गेले, आणि त्यातले बरेचसे चहाबरोबर सांगून हसण्यासारखे आहेत. आज सांगतेय ते मात्र एकाच बॅचचे, एकाच धड्यावरचे. यात हसायला थोडंच मिळेल.

धडा होता 'मूव्ह ऑन'. त्याला ॲडव्हर्ब कुठला जोडायचा आणि कुठं, एवढाच.

मी फळ्यावर शब्द लिहिला तसे आमचे दगडूमामा खूश झाले. मामा एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून क्लासला यायचे. "मॅडम, ह्यो शब्द जलमभर बोललोय की मी. पुढं सरका, पुढं सरका."

"मग वाक्य करा, मामा."

"पॅसेंजर्स नेव्हर मूव्ह ऑन."

सगळा क्लास हसला. वाक्य बरोबर होतं. मी सांगितलं, 'नेव्हर' आधी येतं, 'क्विकली', 'स्लोली' शेवटी ठेवा. आणि 'मूव्ह' आणि 'ऑन' यांच्या मधे सहसा कुणाला बसवायचं नाही.

"नवराबायकोची शीट हाय म्हणा की," मामा म्हणाले.

त्यावर मागच्या बाकावरून अप्पासाहेब हळूच म्हणाले, "आमच्या मधी लेक बसायची." पण त्या दिवशी कुणाला काही समजलं नाही. मलाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी सगळे घरून एकेक वाक्य करून आले. वैशाली बिद्रीची. तिचा नवरा अपघातात गेला, तेव्हापासून कोल्हापुरात भावाकडं राहून एका मेडिकल दुकानात काम करते. तिनं वाक्य वाचलं, "एव्हरीवन टेल्स मी टु मूव्ह ऑन क्विकली."

मी म्हटलं, छान.

ती बसली नाही. "मॅडम, यात काय चुकलंय का?"

"नाही गं. पूर्ण बरोबर आहे."

"मग मला वाचताना चुकल्यासारखं का वाटतंय?"

मी फळा पुसायला घेतला.

*

आता अप्पासाहेब. जयसिंगपूरला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस साठी ओलांडलेला, शर्टाला कडक इस्त्री, क्लाससाठी रोज एसटीनं यायचे. दुकान जयसिंगपुरात चालतंय, मग इंग्रजी कशाला, असं सगळ्यांना वाटायचं. शेवटी मामांनी विचारलंच.

अप्पांची एकुलती एक मुलगी सुप्रिया. पुण्याला नोकरीत असताना तिनं सेंथिल नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या गावी कोइमतूरला गेली. जावयाला मराठी येत नाही, सासऱ्याला तमिळ येत नाही. सुट्टीला आले की सुप्रिया दोघांच्या मधे बसायची आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगायची. कधीकधी मुद्दाम उलटं सांगून दोघांना हसवायची. मग ती आजारी पडली आणि गेली.

सेंथिल मात्र दर रविवारी फोन करत राहिला. अप्पा तो फोन आम्हाला जसाच्या तसा सांगायचे.

"हॅलो अप्पा."

"हॅलो."

"ईटिंग?"

"ईटिंग. यू ईटिंग?"

"ईटिंग, अप्पा."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय. फोन कानाला लावून दोघं बी गप बसतोय. ठेवायचा कुणी, ह्येच कळत न्हाय." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढ्यासाठी येतोय मॅडम. आमच्या मधी बसणारी न्हाय आता."

*

एका सोमवारी अप्पा वेळेच्या आधीच येऊन जिन्यात उभे होते. सेंथिल फोनवर काही वेगळं बोलला होता. अप्पांनी त्याला दोनदा म्हणायला लावून ते पाठ करून आणलं होतं. त्यांनी वर्गात उभं राहून म्हटलं, "आय ॲम ट्रायिंग टु मूव्ह ऑन, अप्पा. स्लोली. मदर हॅज सीन वन गर्ल. इफ यू से नो, आय विल से नो."



"अर्थ कळलाय मला," अप्पा म्हणाले. "पोरगं सोन्यासारखं हाय. वय तरी काय त्याचं. मी त्याला उत्तर काय देऊ, तेवढं वाक्य करून द्या."

"काकू काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती काय बोलतच न्हाय. सुप्रियाची कापडं काढून परत घड्या घालत बसलीया."

मी फळ्यावर लिहिलं, 'मूव्ह ऑन हॅपिली'. अप्पांनी मान हलवली. "हॅपिली म्हटलं तर खोटं बोलल्यागत हुईल."

वैशाली एरवी विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "क्विकली नका म्हणू, अप्पा."

"आणि हळूहळू तर त्यो आपणच म्हणालाय," मामा म्हणाले. "मॅडम, काय न लावता चालत न्हाय का?"

"चालतं की," मी म्हटलं.

अप्पांनी खिडकीकडं तोंड करून तेवढंच घोकलं. "मूव्ह ऑन, सेंथिल. मूव्ह ऑन."

पुढच्या सोमवारी आम्ही सगळ्यांनी विचारलं, काय झालं?

"बोललो तसं. मग दोघं बी रडलो. तेवढ्यापुरतं काय इंग्लिश लागलं न्हाय."

*

लग्नाला अप्पा आणि काकू कोइमतूरला गेले. जाऊ नका म्हणणारे पुष्कळ होते. काकू जातील असं अप्पांनाही वाटलं नव्हतं, पण निघायच्या दिवशी त्या स्वतःच साडी नेसून दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढचं अप्पांनी परत आल्यावर सांगितलं.

हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला एक मुलगी उभी होती. तिला बिचारीला काय माहीत. तिनं हसून विचारलं, "ब्राइड साइड ऑर ग्रूम साइड?"

अप्पांना प्रश्न कळला. उत्तर काय द्यायचं ते कळेना.

काकूंनी विचारलं, "काय म्हणतीया ती?"

"कुणाकडचं म्हणून विचारतीया. पोराकडचं का पोरीकडचं."

काकूंनी आत मांडवाकडं बघितलं. मग पदर सारखा केला.

"मग सांगा की तिला," त्या म्हणाल्या. "पोरीकडचं."