बुंध्याशी पडलेला भुसा

परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी आज पुन्हा ओलसर भुसा पडला होता. जाऊबाई खराटा घेऊन आल्या, तशी मी ओरडलेच, "थांबा, झाडू नका! खोडकिडा लागलाय."

"अगं बाई! आणि मी मेली रोज सकाळी झाडून टाकतेय!"

मी खोडाला कान लावला. आत कुरकुर चालली होती. वर मोहोर मात्र भरभरून आलेला. तार घालून अळी ओढून काढता येईलही, पण जीव थाऱ्यावर येईना. झाड रोज सांगत होतं आणि आम्ही परस लख्ख करत होतो. आणखी कोण कोण असं सांगत असेल?

"जाऊबाई, तुम्ही कशा आहात?" मी एकदम विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" कमरेवर हात दाबत त्या हसल्या.

रोज असंच म्हणतात, आणि रोज मी पुढे जाते. आज पाय उचलेना.