डाग घालवायचा ब्रश

सोलापुरात एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकत होते. पहिल्याच आठवड्यात डाग घालवायचा ब्रश हाती आला आणि मी जे दिसेल ते पुसत सुटले. मुरुम, व्रण, चष्म्याची खूण. एका नवरदेवाचा ओठाजवळचा तीळ उडवला, तर त्याची आई भांडायला आली. तो तीळ म्हणे भाग्याचा होता. मालक म्हणाले, "माकडाच्या हाती कोलीत दिलंय मी." तरी माझी खोड जाईना.

एका दुपारी सांगोल्याकडच्या एक आजी आल्या. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. त्यांना स्वतःच्या माघारी भिंतीवर लावायला फोटो हवा होता.

"पोरांचा भरवसा न्हाय. आधार कार्डावरलाच मोठा करून लावत्याल. त्यात मी शेरडं चोरताना धरल्यागत दिसती."

फोटो काढला. त्या बाकावर चहा पीत बसल्या आणि मी कामाला लागले. सुरुवात हनुवटीवरच्या तीन हिरव्या ठिपक्यांपासून. गोंदण आहे हे कळत नव्हतं असं नाही, पण हात शिवशिवत होते. मग सुरकुत्या, मग डोळ्यांखालचं काळं. अर्ध्या तासात आजी चाळिशीच्या झाल्या. मी ऐटीत त्यांना हाक मारली.

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "ही कुनाची बाई गं?"

"तुम्हीच की, आजी."

"मी व्हय? मग नातवंडं हिच्या पाया पडत्याल आन् मी बसते वरनं बघत!"

मालकांना हसू आवरेना. आजीही हसल्या. मग त्यांचं बोट हनुवटीवर थांबलं.

"हितलं कुटं गेलं?"

"पुसलं, आजी. डाग म्हणून..."

"थोरल्या भनीनं आन् मी एकाच दिवशी गोंदून घेतलं. फुडल्या साली ती तापानं गेली. तिचा फोटो न्हाय कुटं. येवढंच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केलेलं एकेक उलटं फिरवायला लागले. हनुवटी सगळ्यात आधी पुसलेली, त्यामुळे तिथवर पोचायला डोळ्यांखालचं काळं परत आणावं लागलं, मग एकेक सुरकुती. आजी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी एक ठिपका उमटला, दुसरा उमटला, तिसरा उमटला.

"आली बग," त्या म्हणाल्या.