माशा मारणारा धुळाप्पा

आमच्या गल्लीत कुणी रिकामा बसलेला दिसला की लोक हमखास विचारतात, "काय, माशा मारताय का?" धुळाप्पाला हे विचारायची सोय नव्हती. तो तोंडातला दोरा काढून शांतपणे सांगायचा, "मारत न्हाय हो, बांधतोय." आणि खरंच बांधत असायचा. मांडीवर कोंबड्याची पिसं, चिमटीत गळ, त्यावर रेशमाचे वेढे. बसायचा माझ्या ओसरीवर, पिसं माझ्याच कोंबड्याची. त्या दिवसांत आमचा कोंबडा मागून भुंडा झाला होता. आमच्या मंडळींचा संशय मांजरावर होता. मी मांजराची बाजू घेतली नाही.

आता हा माशी का बांधत होता, ते सांगतो. धुळाप्पा मूळचा मैंदर्गीचा, घराणं लिंगायत. उमेदीच्या वयात तो रत्नागिरीकडं बंदराच्या कामावर एका पारशी इंजिनिअरसाहेबाच्या नोकरीत लागला. साहेबाला एकच नाद. सुट्टी मिळाली की खाडीच्या मुखाशी कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहायचं आणि लांब लवचिक काठीनं पिसांची माशी लाटांपलीकडं टाकायची. नाव माशी, पाण्यात दिसायची मासोळी. रावस तिच्यावर झडप घालायचा, आणि मग साहेबाची जी फरफट व्हायची ती बघण्यासारखी. मासा दमला की साहेब त्याला हातात घ्यायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. आधीचे गडीही मासा सोडायचे, पण कालवणात. धुळाप्पाच्या गळ्यातलं लिंग बघितलं आणि साहेबानं त्याला ठेवूनच घेतलं. मासा न खाणारा गडी साहेबाला अख्ख्या किनाऱ्यावर हा एकच मिळाला. हळूहळू काठी धुळाप्पाच्याही हातात आली, आणि बदली झाली तेव्हा साहेब ती त्यालाच देऊन गेला.

तेवढ्यात इकडं सोलापुरात त्याचा मामा वारला. मामाची पिठाची गिरणी, एकुलती एक मुलगी मुक्ताबाई, आणि मामी गौरम्मा. पंचांनी बसून ठरवलं, भाच्यानं पोरगी करावी आणि गिरणी बघावी. धुळाप्पा बाहात्तरच्या दुष्काळात घरजावई होऊन आला. आल्या आल्या त्याच्यापुढं रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या पोत्यांची थप्पी पडली. ती संपली तरी तो गिरणीतच.

ती गिरणी म्हणजे एक खोली, खिडकी नाही, दारासमोर शेजारच्यांची भिंत. सकाळी आत गेलेला काळा धुळाप्पा संध्याकाळी पांढरा होऊन बाहेर यायचा. एकदा मी म्हणालो, "काय रे, समुद्र आठवतोय का?" तर वर फिरणाऱ्या पट्ट्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तात्या, ह्यो बघा. दिसभर पळतोय. जातोय का कुटं?" मी चेष्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी डबा उचलून सरळ घरी आलो.

त्याची मागणी एवढीच होती. दसरा झाला की रावस खाडीच्या तोंडाशी येतो, तेव्हा एकदा जाऊन त्या पाण्यात उभं राहायचं. पण दसरा झाला की गौरम्माचं पोट दुखायला लागायचं. एरवी ही बाई कडक भाकरी दगडासारखी फोडून खायची, पचवायची. धुळाप्पानं पिशवी भरली की हिनं अंथरूण धरलंच. पिशवी खुंटीला परत लागली की उठून वरणफळं करायची. आमच्या मंडळींना मात्र ती खरं बोलली होती, "घरात दुसरा गडी न्हाय, बाई. एकदा तितं गेला की ह्यो समुद्राचाच झाला. मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" शिवाय तिला पक्कं वाटायचं की जावई तिकडं जाऊन मासे खाणार. "खात न्हाय, सोडतो," असं तो म्हणाला की ती कपाळाला हात लावायची. "सोडायचाय तर धरायचा कशाला? शिवने, देवा, कसला जावई दिलास!"

मग बिचारा संध्याकाळी घराच्या माळवदावर चढायचा आणि काठी चालवायचा. दोरी मागं जायची, हवेत उलगडायची, पुढं जायची आणि समोरच्या घरावरल्या तुळशीपाशी माशी अलगद टेकायची. अख्खी गल्ली खाली उभी राहून पुकारायची, "काय धुळाप्पा, तुळस लागली का गळाला?" सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, ते सांगायला नको.

तर असाच एकदा, नवरात्राच्या तोंडावर, तो माळवदावर होता. खाली गौरम्मा ठेवणीतलं इरकली नेसून मठात प्रवचनाला निघाली होती. वाऱ्याची झुळूक आली, माशी वळली आणि जाऊन बसली थेट तिच्या पदरात, पाठीवर.

गौरम्माला वाटलं, कुणीतरी पदर ओढला. "अय्यो! बिडो, बिडो!" म्हणून ती ओरडली. बिडो म्हणजे कानडीत सोड रे. पण मागं बघते तर कुणीच नाही! मग भूतच, अशी तिची खात्री झाली आणि ती पळाली. पळाली म्हणजे काय, त्या वजनाला तो वेग मी पुन्हा कधी पाहिला नाही. वर काठीवरचं दोरीचं रीळ कर्रर्र करत ओरडायला लागलं.

मी खालून हात वर केले. "धुळाप्पा, लागला की रं! लई मोटा हाय, सोडू नगंस!"

दुसरा कुणी असता तर घाबरून त्यानं दोरी आवळली असती आणि इरकलीचं वाटोळं झालं असतं. ह्याच्या हातांना सवय होती. काठी उंच धरली, ती जाईल तशी दोरी जाऊ दिली, जास्त ताणली नाही की लोंबू दिली नाही. तसाच शिडीवरून एका हातानं उतरला आणि तिच्या मागं चालत निघाला. चेहऱ्यावर असा प्रकाश, की त्याला वाट बघायला लावणाऱ्या सासूच्या मागं तो चाललाय हे तो विसरला असावा. गौरम्मा कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलापाशी दमून थांबली, आणि हा तिच्याजवळ पोचला.

"हलू नगा, अत्ती." अत्ती म्हणजे सासू. त्यानं पदर दोन बोटांत धरला आणि गळ सुटला.

तिनं आधी पदर डोळ्यांजवळ नेला. भोक शोधलं. सापडेना. "फाटलं न्हाय?"

"न्हाय. गळाचा उलटा काटा कानशीनं घासून टाकलाय न्हवं. माशाचं तोंड फाटू ने म्हणून."

गौरम्मानं तो गळ हातात घेऊन बोट फिरवून बघितला.

"म्हंजी तू खरंच खात न्हाईस?"

"लिंगाची आण."

"मग कशाला रे धरतूस?"

धुळाप्पाला बोलणं कधी जमलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "दोरी हातातनं पळती, अत्ती. पलीकडं कुणीतरी हाय, असं कळतं. हितं कळत न्हाय."

ती मठात न जाता तशीच घरी परतली. दसऱ्याचं सोनं वाटून झालं तसं मात्र गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "उद्याच्या गाडीनं जाऊ."

"जाऊ?" धुळाप्पा दचकला.

"मग! तुला एकट्याला कोण सोडतंय?"

आणि खरंच गेली दोघं. एक लांब काठी, कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि गौरम्मा. गिरणी मुक्ताबाईनं चालवली, आणि खरं सांगतो, पीठ नवऱ्यापेक्षा बारीक काढलं. हे मी धुळाप्पाला अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर मी आधी गौरम्मालाच गाठलं. तिच्या तोंडून माशाची गोष्ट ऐकायची मजा काही औरच.

"लागला एक," ती म्हणाली. "हनुवटीला दाढीसारखे दोरे. माझ्यापरास जोरात पळत व्हता."

"खोटं बोलू नका."

"गप बस, मेल्या. लई वेळ खेळवला, हातात घेतला, माझ्याकडं वळून दावला आणि दिला सोडून. मग ह्यो तसाच पाण्यात उभा राहिला, पाठ माझ्याकडं करून. पाणी चढाय लागलं. कमरंच्या वर आलं तरी ह्यो हालंना. मी खडकावर, ह्याच्या चपला मांडीवर घिऊन. मनात आलं, गेला आता ह्यो. हाक गळ्यापतूर आली, तात्या."

"मारली?"

"गिळली. त्या दिशी त्यानं मला पळू दिलं न्हवं? म्हणलं, हिकडनंबी जरा दोरी जाऊ दे."

"मग?"

"मग काय, आला की. चपला माझ्याकडं व्हत्या."

त्या दिवसापासून धुळाप्पा मासे खातो असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती झाली नाही. माशा मारण्यावरून चेष्टा मात्र चालूच राहिली. तेवढं बंद पाडायला मला तरी काही कारण दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी दसरा आला. मी डबा घेऊन गिरणीत गेलो. गौरम्माचं पोट यंदा अजिबात दुखत नव्हतं. गिरणीमागच्या घरातून खमंग वास येत होता. शेंगाचटणी कुटून झाली होती, गाठोडं बांधलेलं होतं, आणि ते काठीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. धुळाप्पानं माझ्या डब्यात पीठ भरलं, दाबलं, झाकण लावलं. पापण्यांवर पीठ, त्यामुळं तो मुळातच रडवेला दिसायचा.

माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तात्या, यंदा एकट्यानं जायचं व्हतं हो."

घरातून आवाज आला, "धुळाप्पा, चपला नव्या घेतल्यास का? यंदाबी मलाच मांडीवर घ्यायच्यात."

"घेतल्या, अत्ती," तो म्हणाला, आणि त्यानं पट्टा चालू केला.